तख्ताचा वारस, लोकांचा वकील

ऑक्टोबर १९४१च्या सुरुवातीला 'बांद्रा' नावाची एक बोट मुंबई बंदराबाहेर नांगर टाकून उभी होती. बोटीवर रझा शहा पहलवी होते, सोबत मुलंबाळं. जेमतेम पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत ते इराणचे शहा होते. २५ ऑगस्टला ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा इराणात घुसल्या आणि १६ सप्टेंबरला त्यांनी थोरल्या मुलाच्या, मोहम्मद रझांच्या, नावे गादी सोडली. मुंबईत उतरायचं आणि तिथून पुढे दक्षिण अमेरिका गाठायची असा त्यांचा बेत होता. हिंदुस्थान सरकारचे अधिकारी क्लारमाँट स्क्राईन बोटीवर चढले आणि त्यांनी सांगितलं, की मुंबईत पाय ठेवता येणार नाही. तुम्हाला मॉरिशसला न्यायचा हुकूम आहे. इराणची रेल्वे बांधणाऱ्या, मुल्लांना वेसण घालणाऱ्या आणि विरोधकांना तुरुंगात सडवणाऱ्या या करड्या सेनापतीने मुंबई पाहिली ती समुद्रातूनच. मॉरिशसहून त्यांना जोहान्सबर्गला हलवण्यात आलं. २६ जुलै १९४४ रोजी तिथेच ते वारले.

मेल्यावरही हद्दपारी संपली नाही. मसाले भरून टिकवलेलं त्यांचं शव काही वर्षं कैरोच्या अल-रिफाई मशिदीत होतं. १९५०मध्ये ते मायदेशी आलं आणि तेहरानजवळ रे इथे भव्य मकबरा उभा राहिला. क्रांतीनंतर, १९८०मध्ये सादिक खलखालींनी तो मकबरा जमीनदोस्त केला. खलखाली म्हणजे फाशीच्या शिक्षा घाऊक भावाने वाटणारे क्रांतीचे न्यायाधीश. त्यांना मकबरा पाडता आला, पण शव सापडलं नाही. मग एप्रिल २०१८मध्ये त्याच परिसरात, शाह अब्दुल अझीम दर्ग्याच्या बांधकामात, एक ममी वर आली. मजुरांनी तिच्यासोबत काढलेले फोटो देशभर फिरले आणि अधिकाऱ्यांची सारवासारव सुरू झाली. इकडे अमेरिकेतून रझा शहांच्या नातवाने मागणी केली, की हे शव आजोबांचंच असेल तर इतमामाने दफन करा.

या घटनेच्या चारच महिने आधी, डिसेंबर २०१७च्या अखेरीस, महागाईविरुद्ध पेटलेल्या निदर्शनांत एक घोषणा ऐकू आली होती. 'रझा शाह, रूहत शाद!' रझा शहा, तुमच्या आत्म्याला शांती लाभो. कुमसारख्या मुल्लांच्या बालेकिल्ल्यातही ती उमटली. देणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जन्मच मुळी राजेशाही बुडाल्यानंतरचा. त्यांनी पहलवींची राजवट पाहिली नव्हती. पाहिली होती ती फक्त तिच्या जागी आलेली राजवट. नातवाच्या राजकारणाचं भांडवल हेच आहे, आणि ते त्याने स्वतः कमावलेलं नाही.

नातवाचं नावही रझाच. जन्म ३१ ऑक्टोबर १९६०, तेहरान. १९६७च्या राज्याभिषेकात सहा वर्षांच्या या मुलाला छोटा लष्करी गणवेश घालून वडिलांशेजारी बसवलेलं छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९७८च्या उन्हाळ्यात तो लढाऊ विमान चालवण्याचं शिक्षण घ्यायला टेक्सासमध्ये लबकजवळच्या हवाई तळावर गेला. वय सतरा. तेव्हा सोडलेला देश त्याला पुन्हा दिसलेला नाही. जानेवारी १९७९मध्ये शहा तेहरानमधून निघाले आणि इजिप्त, मोरोक्को, बहामा, मेक्सिको, अमेरिका, पनामा असे दारोदार फिरून पुन्हा कैरोलाच आले. २७ जुलै १९८० रोजी त्यांचं निधन झालं. दफन पुन्हा त्याच अल-रिफाई मशिदीत.

आता राज्यघटनेतल्या एका बारकाव्याकडे पाहू. शहा सज्ञान होण्याचं वय तिच्यात वीस होतं. त्यामुळे जुलै ते ऑक्टोबर हे तीन महिने राजमाता फराह या, राज्यच उरलेलं नसताना, कारभारी होत्या. विसाव्या वाढदिवशी, ३१ ऑक्टोबरला, कैरोच्या कुब्बा राजवाड्यात मुलाने आपण 'रझा शहा दुसरे' असल्याचं जाहीर केलं आणि १९०६च्या राज्यघटनेला स्मरून शपथ घेतली. अमेरिकेने लगोलग हात झटकले. महिनाभरापूर्वीच सद्दामने इराणवर हल्ला केला होता. लढाऊ वैमानिक म्हणून मी देशासाठी लढायला तयार आहे, असं या तरुणाने तेहरानला कळवलं. उत्तर आलं नाही. पुढच्या काळात मुजाहिदीन-ए-खल्क संघटना सद्दामच्या आश्रयाला गेली आणि इराणी माणसाच्या मनातून कायमची उतरली. त्या तुलनेत हा निरोप, कितीही निष्फळ असला तरी, त्यांच्या खात्यावर जमाच धरायला हवा.

पुढचं दशक मात्र जुन्याच पद्धतीच्या गादी-राजकारणाचं होतं, आणि धोक्याचंही. त्यांचे आतेभाऊ शहरियार शफीक यांचा डिसेंबर १९७९मध्ये पॅरिसमध्ये गोळ्या घालून खून झाला होता. १९८४मध्ये तिथेच जनरल ओवैसी मारले गेले. १९९१मध्ये शहांचे शेवटचे पंतप्रधान शापूर बख्तियार यांना पॅरिसजवळच्या त्यांच्या राहत्या घरात ठार करण्यात आलं. या सगळ्याच्या मधोमध, सप्टेंबर १९८६मध्ये, इराणी सरकारी दूरचित्रवाणीचं प्रक्षेपण अचानक तुटलं आणि पडद्यावर अकरा मिनिटं युवराज बोलत राहिले: मी परत येईन. या प्रक्षेपणामागे सीआयए होती, हे दोनच महिन्यांत अमेरिकी वृत्तपत्रांत छापून आलं. १९५३मध्ये मोसादेघ यांचं निवडून आलेलं सरकार उलथवून याच संघटनेने वडिलांची गादी वाचवली होती. इराणात त्या उठावाची तारीख, २८ मोर्दाद, शाळकरी पोरही सांगतं. अकरा मिनिटांत काय कमावलं ते सांगणं कठीण. काय गमावलं ते सांगणं सोपं आहे.

नव्वदच्या दशकापासून भाषा बदलत गेली. 'रझा शहा दुसरे' मागे पडले. धर्मनिरपेक्ष लोकशाही, मानवी हक्क आणि अहिंसक असहकार हे शब्द पुढे आले. २००२मधलं त्यांचं 'विंड्स ऑफ चेंज' हे पुस्तक याच भूमिकेचं. गादीबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं: राजेशाही हवी की प्रजासत्ताक, हे इराणी जनता सार्वमताने ठरवेल, मला पद नको. ही भूमिका ढोंगी आहे असं मला वाटत नाही. चाळीस वर्षं एकच गोष्ट न कंटाळता सांगणाऱ्याला थोडं तरी श्रेय द्यावं. पण ती सोयीची आहे हेही खरं. प्रजासत्ताकवाद्यांना ते सहप्रवासी वाटतात, राजनिष्ठांना राजा वाटतात, आणि दोघांपैकी कोणालाही नाराज करायची पाळी येत नाही. शिवाय विसाव्या वर्षी ज्या घटनेची शपथ घेतली, तिच्यातल्या मजलिसचा श्वास आजोबांनी आणि वडिलांनीच कोंडला होता. १९७५मध्ये वडिलांनी सगळे पक्ष गुंडाळून 'रस्ताखीझ' हा एकच पक्ष ठेवला. नको असेल त्याने देश सोडावा, असंही सुनावलं.

हद्दपार राजघराण्याची ताकद किती असू शकते याचं एक मजेदार उदाहरण याच इतिहासात आहे. १९४१मध्ये रझा शहांना काढताना, त्यांच्या आधीच्या काजार घराण्याला परत आणावं का, असा विचार ब्रिटिशांनी केला होता. काजार वारस हमीद मिर्झा लंडनमध्ये सापडले. ते ब्रिटिश नौदलाच्या सेवेत 'डेव्हिड ड्रमंड' या नावाने वावरत होते आणि त्यांना फारसी येत नव्हती! बेत तिथेच बारगळला. रझा पहलवींचं फारसी उत्तम आहे, त्यांना ऐकणारे लाखो आहेत. काजारांना सोळा वर्षांत देश विसरला. पहलवींना चाळीस वर्षांतही विसरला नाही. याचं कारण पहलवींच्या थोरवीपेक्षा इस्लामी प्रजासत्ताकाच्या कारभारात जास्त आहे. त्या राजवटीने आपल्याच पोटातले पर्याय एकेक करून चिरडले. डावे गेले, उदारमतवादी गेले, शेवटी २००९च्या हरित आंदोलनाचे मीर हुसेन मुसावी आणि मेहदी करौबी हे घरचेच लोकही २०११पासून नजरकैदेत गेले. देशात एकही चेहरा उरू दिला नाही, की लोकांना देशाबाहेरचा आठवतो.

१६ सप्टेंबर २०२२ रोजी महसा अमिनी ही कुर्द तरुणी तेहरानमध्ये नैतिकता पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली आणि देश पेटला. जानेवारी २०२३मध्ये 'मनोतो' या लंडनच्या फारसी वाहिनीवर रझा पहलवी म्हणाले, की जगाशी बोलणी करायची तर लोकांनी मला तसा अधिकार द्यायला हवा. त्यांनी वापरलेला शब्द होता वकालत. 'मन वकालत मीदहम', मी वकालत देतो, हे वाक्य समाजमाध्यमांवर वणव्यासारखं पसरलं. ऑनलाइन अर्जावर चार लाखांहून अधिक सह्या झाल्या. फुटबॉलपटू अली करीमींसारखे लोकप्रिय लोक त्यात होते. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको. कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही वकालतनामा ठाऊक असतो. वकीलपत्र अशिलाला परत घेता येतं, वकिलाला अशिलाच्या वतीनेच बोलावं लागतं, आणि वकिली बापाकडून मुलाकडे आपोआप जात नाही. वारसाहक्कात यातलं काहीच नाही. युवराजांनी स्वतःसाठी वकिलाचा शब्द निवडला, हा माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत लोकशाहीवादी क्षण. सह्या करणाऱ्यांतले अनेक जण मात्र त्याच ओळीखाली 'जाविद शाह', शहा चिरायू होवोत, असं लिहीत होते.

१० फेब्रुवारी २०२३ला वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठात आठ जण एकत्र आले, काही प्रत्यक्ष, काही पडद्यावरून. रझा पहलवी, पत्रकार मसीह अलीनेजाद, नोबेल विजेत्या शिरीन एबादी, अभिनेत्री नाझनीन बोनियादी आणि गोलशिफ्तेह फराहानी, करीमी, कुर्द कोमला पक्षाचे अब्दुल्ला मोहतदी, आणि लेखक हामेद इस्माइलियून. इस्माइलियून यांची पत्नी आणि मुलगी जानेवारी २०२०मध्ये क्रांतिरक्षकांनी पाडलेल्या युक्रेनी विमानात गेली होती. शहांचा मुलगा आणि कुर्द डावा पुढारी एका मंचावर, हे दृश्यच ऐतिहासिक होतं. मार्चमध्ये सहा जणांच्या सह्यांनी 'महसा सनद' निघाली. देशाची अखंडता आणि प्रांतांना अधिकार, दोन्ही तिच्यात होतं. राजनिष्ठ बिथरले. त्यांच्या लेखी मोहतदी म्हणजे फुटीरतावादी आणि युवराज म्हणजे समितीतला सहावा हिस्सा नव्हे. समाजमाध्यमांवर बाकीच्या पाच जणांवर शिव्यांचा भडिमार सुरू झाला.

त्याच फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एका मोर्च्यात परवेझ साबेती दिसले. शहांच्या 'सावाक' या गुप्त पोलीस दलातले हे बडे अधिकारी, अंतर्गत सुरक्षेचे प्रमुख, चार दशकं अज्ञातवासात होते. त्यांचा फोटो पाहून जुन्या कैद्यांच्या अंगावर काय शहारा आला असेल! वारशात पुण्याई येते तशी देणीही येतात.

एप्रिलमध्ये रझा पहलवींनी जाहीर केलं, की आपण कुठल्या एका गटापुरते मर्यादित राहणार नाही. त्याच महिन्यात ते इस्राएलला जाऊन नेतान्याहूंना भेटले. काही दिवसांत, बाहेरचे गट लोकशाहीला न शोभणाऱ्या मार्गांनी आपली मतं लादत आहेत असं सांगून इस्माइलियून बाहेर पडले आणि युती मोडली. ती मोडण्याला एकटे युवराज जबाबदार होते असं म्हणता येणार नाही. आठ जणांपैकी मोहतदी सोडले तर कोणापाशीच संघटना नव्हती. पण सर्वांसाठी असणं आणि सर्वांबरोबर बसणं यांत निवड करायची वेळ आली तेव्हा त्यांनी पहिलं निवडलं. राजा तेच निवडतो. वकिलाला ते परवडत नाही.

विशेष हे, की त्याच फेब्रुवारीत देशाच्या आत दोन कागद तयार झाले होते. नजरकैदेतल्या मुसावींनी सार्वमत आणि नव्या राज्यघटनेची मागणी केली. वीस कामगार आणि नागरी संघटनांनी बारा किमान मागण्यांची सनद काढली. ही माणसं तुरुंगाच्या उंबरठ्यावर बसून लिहीत होती. रस्त्यावर तेव्हा आणखी एक घोषणा होती: जुलमी मुर्दाबाद, मग तो शहा असो वा रहबर. परदेशातल्या वाहिन्यांवर ती कमीच ऐकू आली.

जून २०२५मध्ये इस्राएलने इराणवर बारा दिवस बॉम्ब टाकले. त्या दिवसांत, २३ जूनला, रझा पहलवी पॅरिसमध्ये पत्रकारांपुढे उभे राहिले: राजवट कोसळते आहे, संक्रमणाचं नेतृत्व करायला मी तयार आहे, अंतिम निर्णय लोकांचा. सद्दामशी लढायला निघालेल्या वीस वर्षांच्या वैमानिकाने या पासष्टीकडे झुकलेल्या गृहस्थांना काय विचारलं असतं, हा विचार मनात येतोच.

राहिलं सार्वमत. इराणात या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे. ऑगस्ट १९५३मध्ये खुद्द मोसादेघांनी मजलिस बरखास्तीसाठी सार्वमत घेतलं, तेव्हा 'हो' आणि 'नाही'साठी वेगवेगळी मतदान केंद्रं होती. कोण कुठल्या दारात शिरतो ते सगळ्यांना दिसत होतं. जानेवारी १९६३मध्ये शहांनी 'श्वेत क्रांती'साठी घेतलं. मार्च १९७९च्या अखेरीस खोमेनींनी घेतलं: इस्लामी प्रजासत्ताक, हो की नाही? तिसरा पर्याय नव्हता. होकाराची चिठ्ठी हिरवी होती, नकाराची लाल. तिन्ही वेळा अधिकृत निकाल नव्व्याण्णव टक्क्यांच्या आसपास लागला, आणि तिन्ही वेळा चिठ्ठीवरचा प्रश्न सत्तेवर बसलेल्या माणसानेच लिहिला होता.