मंगळाची जमीन सपाट आहे का? आधी माप कोणतं ते सांगा!

आजची गोष्ट १९७६ सालची. अमेरिकेचं व्हायकिंग १ मंगळाभोवती फिरतंय. ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं होतात त्या दिवशी, ते उतरवायचं ठरलंय. पण नासातल्या लोकांची झोप उडालीय. खालची जमीन सपाट आहे का?

प्रश्न सोपा वाटतो ना? पण सपाट कुणाच्या मापानं? यानाच्या पोटाखाली जागा होती फक्त २२ सेंटिमीटर. त्याहून उंच दगड खाली आला, की खेळ खलास! आणि वरच्या कॅमेऱ्याला साधारण १०० मीटरपेक्षा लहान काही दिसतच नव्हतं. म्हणजे क्रिकेटचं मैदान दिसणार, पण खेळपट्टीवर पडलेला दगड नाही.

मग मदतीला आलं रडार. पोर्तो रिकोमधल्या अरेसिबोची ३०५ मीटर रुंद थाळी १२.६ सेंटिमीटर लांबीच्या लहरी मंगळावर सोडायची. गंमत अशी, की लहरीपेक्षा खूप बारीक खडे असले तर जमीन तिला आरशासारखी गुळगुळीत वाटते. दगड लहरीच्या मापाचे असले, की लहर चहूकडे विखुरते. पण रडारला मिळायची भल्यामोठ्या पट्ट्याची सरासरी. एकेक दगड काही दिसायचा नाही. कॅमेऱ्याला मोठं दिसायचं, रडारला बारीक कळायचं आणि खरा धोका नेमका मधल्या मापात लपलेला!

फोटोंमध्ये पहिली जागा वाईट निघाली. ४ जुलै हुकली. दुसऱ्या जागेबद्दल रडारनं शंका काढली. शेवटी २० जुलैला यान तिसरीकडे सुखरूप उतरलं. आणि जेमतेम ८ मीटरवर होता २ मीटर रुंदीचा धोंडा!

व्हायकिंग २ ची जागा तर इतकी उत्तरेला होती, की पृथ्वीवरचं रडार तिथं पोचतच नव्हतं. ३ सप्टेंबरला ते उतरलं. एक पाय बहुधा दगडावर पडला आणि यान ८ अंश कललं. तरीही ते चाललं, हे नशीब!

म्हणून आज शास्त्रज्ञ खडबडीतपणा एकाच आकड्यात सांगत नाहीत. सेंटिमीटरभरात जमीन किती वरखाली होते, मीटरभरात किती, किलोमीटरभरात किती, असा सगळा हिशेब मांडतात. तेव्हा कुणी ‘रस्ता मस्त आहे’ म्हणालं, तर आधी विचारा: ट्रकसाठी, की स्केटबोर्डसाठी?