आखणीच्या टेबलाशी कलावंत

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरात, रोंडो ही कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती होती. १९५६ ते १९६८ या काळात आय-९४ महामार्ग तिच्या पोटातून काढला गेला. शेकडो घरं गेली, दुकानं गेली. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला धूर आणि गोंगाट आला. त्यामुळे जवळच्याच युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवर रेल्वेची आखणी सुरू होताच लोक सावध झाले. गरीब भागातच स्थानकं मैल-मैल अंतरावर ठेवली होती. बर्फाच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाने दवाखान्याला जायचं कसं? रहिवाशांच्या संघटनांनी नेट लावला आणि २०१० मध्ये वेस्टर्न, व्हिक्टोरिया, हॅमलिन ही तीन स्थानकं मिळवली. ते श्रेय त्यांचंच.

'स्प्रिंगबोर्ड फॉर द आर्ट्स' या रेल्वेच्या कामात उतरली ती त्यानंतर. कलावंतांना हिशेब, करार, औषधोपचार यांत हात देणारी ही संस्था. २०११ मध्ये रुळांसाठी रस्ता खोदला गेला, गाडी लावायला जागा उरेना, व्हिएतनामी आणि ह्मोंग दुकानदारांचं गिऱ्हाईक तुटायची वेळ आली. संस्थेने महापालिकेच्या साथीने 'इरिगेट' हा उपक्रम काढला. स्थानिक कलावंतांना छोटं प्रशिक्षण आणि थोडे पैसे द्यायचे. त्यांनी मात्र एखाद्या दुकानाशी किंवा शेजारच्या संस्थेशी जोडी जमवायची. तीन वर्षांत सुमारे ६०० कलावंत तयार झाले, दीडशे प्रकल्प उभे राहिले. मला जोडीची ही अट सगळ्यात मोलाची वाटते. भिंतीवरचं चित्र पुसलं जाईल, पण त्या निमित्ताने दुकानदार आणि चित्रकार एकमेकांना नावाने हाक मारू लागतात, आणि पुढच्या अडचणीत तेच कामी येतं.

जून २०१४ मध्ये ही रेल्वे 'ग्रीन लाइन' या नावाने धावू लागली. पुढे संस्थेनेही त्याच रस्त्यावर, मोटारविक्रीच्या एका जुन्या इमारतीत आपलं ठाणं हलवलं.

२०१५ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याच्या आयुक्तांनी त्या जुन्या महामार्गाबद्दल रोंडोवासीयांची जाहीर माफी मागितली. २०१९ मध्ये त्याच खात्याने मार्कस यंग या कलावंताला निवासी कलावंत म्हणून नेमलं. नागरिकांच्या कविता सेंट पॉलच्या फुटपाथांवर सिमेंटमध्ये उमटवण्याची कल्पना याच यंग यांची. 'इरिगेट'मध्ये कलावंत आले ते आखणी झाल्यावर. इथे ते थेट आखणाऱ्यांच्या खात्यात पोचले. पण ही नेमणूक मुदतीची होती. अभियंत्याची जागा कायम असते, तशीच कलावंताचीही प्रत्येक परिवहन खात्याच्या आस्थापनेवर असायला हवी.