मीठ धुणाऱ्या घरातली मनकर्णिका

झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मनकर्णिका तांबे. १८४२ साली गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न होऊन ती झाशीत आली आणि लक्ष्मीबाई झाली. ग्वाल्हेरजवळ ती पडली त्याला दहा वर्षे होत होती, तेव्हा १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचेही नाव मनकर्णिका, हाकेला मनू. लग्नानंतर तीही लक्ष्मीबाईच झाली, कवी नारायण वामन टिळकांची लक्ष्मीबाई. नावे जुळण्यात फारसे काही नाही. त्या काळी अशा जोड्या गावोगाव सापडल्या असत्या. पण दोघींच्या आयुष्यावर सत्तावन्न सालाची सावली आहे आणि दोघींच्या दारात ख्रिस्ती माणूस येऊन उभा राहिला आहे. एकीच्या दारात तो तोफा घेऊन आला. दुसरीच्या दारात आला तेव्हा तो तिचा नवराच होता.

झाशीत तोफा घेऊन आलेला ख्रिस्ती माणूस कसा दिसला, हे वरसईच्या विष्णुभट गोडशांनी लिहून ठेवले आहे. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, एवढ्याच आशेने हा कोकणातला भिक्षुक काकांबरोबर उत्तरेला निघाला आणि बंडाच्या तोंडी सापडला. एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजा शहरात शिरल्या तेव्हा ते दोघे झाशीतच होते. घरोघर शिरून झालेली कत्तल, सोन्यापासून धान्यापर्यंतची लूट, वाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची झालेली धूळधाण, सगळे त्यांनी पाहिले. ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिला १८८३ साली. चिंतामणराव वैद्यांनी तो छापला १९०७ मध्ये. न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याआधी दहा महिने, ८ जून १८५७ रोजी, किल्ल्यातून शरण आलेल्या साठेक गोऱ्यांना, त्यात बायका आणि मुलेही होती, याच गावातल्या जोखनबागेत कापून काढले होते. ह्यू रोजच्या शिपायांच्या डोक्यात तो सूड होता.

शत्रूवर प्रीती करा, हे ज्यांच्या पुस्तकात लिहिले आहे त्यांनी ते झाशीत पाळले नाही, एवढे म्हणून हा विषय संपवता येईल. पण फौजेला कुठलेही पुस्तक लावून पाहणे हा सोपा उद्योग आहे. शिकवणीचा खरा कस लागतो तो चुलीपाशी, पाण्याच्या माठापाशी, नवराबायकोच्या अबोल्यात. ती झटापट मराठीत सर्वांत प्रामाणिकपणे कोणी लिहिली असेल, तर ती या दुसऱ्या लक्ष्मीबाईंनी. त्यांच्या घरची गोष्टही सत्तावन्नापासूनच सुरू होते.

लक्ष्मीबाईंच्या आजोळच्या आजोबांना त्या धामधुमीत फाशी झाली. जावई, म्हणजे लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले, यांच्या मनावर त्या मृत्यूचा असा घाव बसला की त्यातून ओवळ्यासोवळ्याचे वेडच जडले. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घरात घ्यायची. भाजी, धान्य तर झालेच, मीठसुद्धा धुवायचे. मीठ धुणे म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करावा. पाणी ओतायचे, खडे झिजताना पाहायचे आणि उरेल ते शुद्ध म्हणून आत न्यायचे. घरातल्या बायकांचा निम्मा दिवस ओलेत्याने जायचा आणि पोरांनी कशाला शिवले यावरून रडारड व्हायची. लक्ष्मीबाईंनी हे सगळे ‘स्मृतिचित्रे’त हसत हसत सांगितले आहे, पण वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. इंग्रजाने दिलेल्या फाशीचा राग इंग्रजावर काढता येत नव्हता, तो विटाळाच्या रूपाने स्वतःच्याच लेकीबाळींवर निघाला. नानांच्या वेडाचा याहून सरळ अर्थ लावता येत नाही.

अशा घरातली मुलगी अकराव्या-बाराव्या वर्षी टिळकांच्या घरी गेली. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातले करजगाव. बुद्धीने तल्लख, स्वभावाने रागीट, हाताने उधळे आणि पायाला भिंगरी. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी पुराणिक. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांचे कवितेवर बोलणे झाले. उतरताना त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ते वाचीन असा शब्द दिला होता; पुस्तक उघडले ते केवळ तो पाळायचा म्हणून. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तिथेच खिळले.

हेच प्रवचन का? त्यात चमत्कार नाहीत, वंशावळी नाहीत. माणसाने माणसाशी कसे वागावे याचा अवघड हिशेब आहे. भावावर रागावलास तर खुनाच्या वाटेला लागलास. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि कुणाच्या मनात तुझ्याविषयी अढी आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी समेट करून ये. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढण्याआधी आपल्या डोळ्यातले मुसळ पाहा. रागीट माणसाला हे वाचताना चटका बसणारच. मत्तयाचे हे पुस्तक १८०५ सालीच श्रीरामपूरला केरीसाहेबांच्या छापखान्यात मराठीत निघाले होते. म्हणजे मराठीत येऊनही ते टिळकांसारख्या वाचकासाठी जवळजवळ नव्वद वर्षे थांबले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी सांगितले नाही. प्रेमाचा धर्म स्वीकारताना घरातल्या सर्वांत जवळच्या माणसाला असे अंधारात ठेवावे, याला काय म्हणावे? टिळकांच्या चरित्रकारांनी हा प्रसंग हळुवार हाताने लिहिला आहे; लक्ष्मीबाईंनी तसे केलेले नाही. बातमी कळल्यावरचा आकांत, पंढरपुरातले दिवस, नातेवाइकांची राखण, कडेवरचा मुलगा दत्तू, हे सगळे त्यांनी लपवाछपवी न करता मांडले आहे. दोघेही कवी, त्यामुळे ताटातुटीतही कविता चालू राहिल्या.

पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे राहायला गेल्या, पण ख्रिस्ती म्हणून नव्हे. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे आपले आपल्यापाशी. एका संसारात दोन चुली पेटल्या आणि टिळकांनी ते मान्य केले. डोंगरावरील प्रवचनाचा टिळकांनी घरात दिलेला पहिला खरा पुरावा हाच म्हणायला हवा. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी बायकोला विचारले नाही. आता मात्र तिच्या माठाला हात लावला नाही.

मग लक्ष्मीबाईंनी जे केले ते फार विलक्षण आहे. त्यांना कुणी वादात हरवले नाही. जातीचा प्रश्न त्यांनी आपल्याच मनाशी उलगडला. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर जनावरांत जसा गाय-घोड्याचा फरक दिसतो तसा माणसांमाणसांत दिसायला हवा होता. तो तर कुठे दिसत नाही. मग हे माणसाचेच काम. एवढा हिशेब जुळल्यावर त्यांनी ठरवून टाकले, की आजपासून कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे आधी पाणी प्यायल्या, मग पाण्याने अभिषेक झाला. हा क्रम मुद्दाम लक्षात ठेवावा. भोवतालचे बहुतेक पुरुष आधी धर्म बदलत आणि मग वर्षानुवर्षे सवयींशी झगडत. या बाईने आधी सवय मोडली.

शुभवर्तमानात या पाण्याची गोष्ट आहेच. दुपारी विहिरीवर बसलेला येशू एका शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागतो. यहुदी माणसाने शोमरोन्याच्या भांड्याला तोंड लावायचे नाही, म्हणून ती बाईच चकित होते. पॅलेस्टाइनचा इतिहास ठाऊक नसलेल्या युरोपीय वाचकाला इथे टीप द्यावी लागते. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही म्हातारीला ती लागली नसती. मार्काच्या शुभवर्तमानातही हात न धुता जेवणाऱ्या शिष्यांवरून वाद होतो आणि येशू सांगतो, की बाहेरून आत जाणारे काही माणसाला विटाळवत नाही. विटाळ आतून बाहेर येतो, दुष्ट विचारांचा, लोभाचा, गर्वाचा. मीठ धुणाऱ्या घरातल्या मुलीला हे वाचताना नाना आठवले नसतील, असे मानणे कठीण आहे.

आचरण बदलायचे म्हणजे ताटही बदलायचे का, हा त्या पिढीचा दुसरा झगडा. पंडिता रमाबाईंचे उदाहरण यात पक्के आहे. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. तिथल्या जोगिणींना हा जुना अहंकार वाटे. रमाबाई ऐकत नसत. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, यावरूनही त्यांनी वाद घातला. प्रभूची आज्ञा कोणती आणि साहेबाची रीत कोणती, एवढे वेगळे काढता येणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले, बायकांना वाचता यावे म्हणून.

बायकांचा प्रश्न त्याआधी बेळगावच्या बाबा पदमनजींनीही धरला होता. १८५४ साली ते ख्रिस्ती झाले आणि १८५७ मध्ये, झाशी पेटली त्याच वर्षी, त्यांचे ‘यमुनापर्यटन’ निघाले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव परीक्षेपुरते सगळ्यांना पाठ असते. यमुना नवऱ्याबरोबर हिंडते, ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहते, मग स्वतःच विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. कादंबरी म्हणून ती ठोकळेबाज आहे, उपदेश फार आहे. पण शेजाऱ्यावर प्रीती करा या आज्ञेतला शेजारी म्हणजे कोण, याला बाबांनी दिलेले उत्तर नेमके होते: माजघराच्या अंधारात बसलेली केशवपन केलेली बाई.

या मंडळींना देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत आलेले बहुसंख्य लोक महार समाजातले होते, ब्राह्मण मोजके. प्रभुभोजनाचा प्याला एकच, पण सोयरीक जमवताना, पंगतीला बसताना जुनी जात हळूच डोके वर काढी. मिशनऱ्यांचाही एक वर्ण होताच. पगार, बंगला आणि निर्णय गोऱ्यांकडे, उपदेशकाचे पायपीट-काम देशी माणसाकडे. टिळकांना हे सलत राहिले. ‘ज्ञानोदय’मधून, अभंगांतून, कीर्तनांतून ते ख्रिस्ताला मराठी मातीत रुजवत होते आणि भोवती संस्था मात्र साहेबी होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात बिऱ्हाड केले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, ते वारले. दरबार फार टिकला नाही.

त्यांच्या माघारी लक्ष्मीबाईंनी दोन कामे केली. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले आणि आपल्या आठवणी लिहिल्या. शाळेत न गेलेल्या या बाईच्या गद्याशी तुलना करावी असे गद्य त्या पिढीत फार थोड्यांनी लिहिले. त्यात ख्रिस्ती आचरण शब्दाने क्वचितच येते. येते ती नवऱ्याच्या संतापावर केलेली कोटी, घरात आणून ठेवलेली परक्यांची पोरे, प्लेगमधली शुश्रूषा, आजच्या चुलीवर उद्याची चिंता न करणारा नवरा आणि ती चिंता निमूट करणारी बायको. क्षमा हा शब्द न उच्चारता क्षमेचे एवढे प्रसंग सांगणारे दुसरे मराठी पुस्तक दाखवणे अवघड जाईल.

झाशीतही पुढे ख्रिस्ती माणूस तोफांशिवाय आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे होलकोम्ब दांपत्य तिथे काम करीत होते. रेल्वेच्या कारखान्याबरोबर अँग्लो-इंडियन वस्ती वाढली. १९४० पासून कॅथलिकांचे स्वतंत्र धर्मक्षेत्र झाले. तिथल्या संत ज्यूडच्या मंदिरात दर २८ ऑक्टोबरला जत्रा भरते आणि मेणबत्ती लावणाऱ्यांत हिंदू, मुसलमान भरपूर असतात. राणीचे लग्न जिथे लागले ते गणपतीचे देऊळ त्याच शहरात आहे आणि नेवाळकरांच्या काळात आलेल्या मराठी घरांचे वंशज गणेशोत्सव करतात. जोखनबागही आहे. पुण्यामुंबईहून झाशीला जाणारे बहुतेक जण किल्ला पाहून परततात. त्यांनी गणपतीचे देऊळ आणि जोखनबागही पाहावी आणि जाताना पिशवीत ‘माझा प्रवास’बरोबर ‘स्मृतिचित्रे’ही टाकावे.

लक्ष्मीबाई टिळक २४ फेब्रुवारी १९३६ रोजी गेल्या. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग त्यांच्यामागून छापला गेला.