सोलापूरचा मार्शल लॉ आणि नागरिकाच्या हक्कांचा प्रश्न

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे मराठी आणि कानडी दोन्ही भाषा बोलल्या जाणारे बाजारपेठेचे गाव सोलापूर–वाडी लोहमार्गावर वसलेले असून, १९४८ पूर्वी तेथून आग्नेयेला निघालेली गाडी काही वेळातच हैदराबादच्या निजामाच्या मुलखात शिरत असे, तर वायव्येला ती ब्रिटिश अमलाखालील सोलापूर या गिरण्यांच्या शहरात पोहोचत असे. असाधारण परिस्थितीचे कारण पुढे करून सरकारने नेहमीचा कायदा बाजूला ठेवला म्हणजे नागरिकाच्या हक्कांचे काय होते, या प्रश्नाचा इतिहास याच लोहमार्गाच्या दोन्ही टोकांना घडला आहे. आज दहशतवादविरोधी कायद्यांविषयी जो वाद होतो, त्याची मुळे शोधताना या पट्ट्याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

मे १९३० च्या प्रारंभी महात्मा गांधींना अटक झाल्याची वार्ता सोलापुरात पोहोचताच शहर बंद पडले. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहातून पोलीस आणि जमाव यांच्यात संघर्ष उद्भवला व गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण बळी पडला. त्यानंतर संतप्त जमावाने न्यायालयाची इमारत पेटवली आणि मंगळवार पेठेतील चौकीवर दोन पोलिसांचा जीव गेला. पोलीस शहरातून निघून गेल्यानंतरचे दिवस रस्त्यांवरील व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळली. दोन माणसांच्या हत्येचा गुन्हा गंभीर होता आणि त्याचा तपास करणे हे कोणत्याही सरकारचे कर्तव्यच होते. परंतु तपासासाठी व खटल्यासाठी भारतीय दंड संहिता आणि सत्र न्यायालय उपलब्ध होते, हे लक्षात ठेवूनच पुढील घटनांकडे पाहिले पाहिजे.

१२ मे रोजी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे मुलकी प्रशासन व न्यायालये बाजूस सारून लष्करी अधिकाऱ्याच्या आज्ञेने चालणारा अंमल, पुकारण्यात आला. त्याला कायद्याचे रूप देणारा ‘शोलापूर मार्शल लॉ वटहुकूम’ व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी काढला तो त्यानंतर, १५ मे रोजी. वटहुकूम म्हणजे विधिमंडळाची संमती न घेता शासनप्रमुखाने काढलेला कायदा. भारत सरकार कायद्याच्या ७२ व्या कलमान्वये व्हाइसरॉयला तो अधिकार होता आणि अशा वटहुकुमाची मुदत सहा महिन्यांपर्यंत असे. कृती आधी घडली आणि तिला कायदेशीर ठरवणारा कागद मागून आला, हा क्रम प्रस्तुत विषयात सर्वांत महत्त्वाचा मानावा लागतो.

या अंमलाचे स्वरूप त्याच्या बारीकसारीक निर्बंधांतून स्पष्ट होते. राष्ट्रीय झेंडा लावणे अथवा मिरवणे हा गुन्हा ठरला, आणि डोक्यावरची पांढरी गांधी टोपी, जी खादीच्या कापडाची साधी घडी होती, ती रस्त्यात सैनिक लोकांना उतरवायला लावू लागले. ज्या नगरपालिकेने ६ एप्रिल १९३० रोजी आपल्या इमारतीवर तिरंगा फडकावला होता, तिचे अध्यक्ष माणिकचंद शहा आणि काँग्रेसचे कार्यकर्ते रामकृष्ण जाजू यांनाही शिक्षा झाल्या. चौकीवरील हत्यांशी टोपीचा काही संबंध नव्हता. तरीही हिंसाचार मोडण्यासाठी घेतलेला अधिकार अल्पावधीत पोशाख, चिन्ह आणि मत यांपर्यंत पसरला. विशेष कायद्यांच्या इतिहासात हा विस्तार इतक्या वेळा दिसतो की त्याला एखाद्या अधिकाऱ्याचा अतिरेक म्हणून सोडून देता येत नाही.

मार्शल लॉ ३० जूनपर्यंत चालला. पोलिसांच्या हत्येबद्दल मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यावर खटला चालून त्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. सोलापूर जिल्ह्यात हा दिवस आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षांना मुलकी न्यायालयात आव्हान देता येते काय, हा प्रश्न ‘चन्नप्पा शांतीरप्पा’ या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला व ते प्रकरण घटनात्मक कायद्याच्या ग्रंथांत पुढेही उद्धृत होत राहिले. मे १९३० मध्येच त्याच ७२ व्या कलमाखाली लाहोर कटाच्या खटल्यासाठी काढलेल्या वटहुकुमाविषयी प्रिव्ही कौन्सिलने १९३१ साली भगतसिंगांच्या प्रकरणात निर्णय दिला की, आणीबाणी उद्भवली आहे किंवा नाही हे ठरवणारा एकमेव अधिकारी व्हाइसरॉयच होय.

लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, निजामाच्या राज्यात, ‘गश्ती ५३’ या हुकुमाने पूर्वपरवानगीशिवाय सार्वजनिक सभा घेण्यास बंदी होती. त्या राज्यातील नागरी स्वातंत्र्यासाठी डिसेंबर १९३८ मध्ये आर्य समाजाची परिषद भरली ती सोलापुरातच, लोकनायक माधव श्रीहरी अणे यांच्या अध्यक्षतेखाली. अवघ्या आठ वर्षांपूर्वी मार्शल लॉ सोसलेले शहर शेजारच्या मुलखातील हक्कांच्या लढ्याचे आश्रयस्थान झाले, ही बाब या भागाच्या अभिमानाची आहे.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने असाधारण अधिकारांचा हा वारसा पूर्णपणे टाकून दिला नाही. अनुच्छेद ३४ नुसार लष्करी कायदा जारी असताना केलेल्या कृत्यांना संसद मागाहून संरक्षण देऊ शकते आणि अनुच्छेद २२ प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे गुन्हा घडण्यापूर्वीच कोंडून ठेवण्याला, वाव देतो. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने, न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचा अपवाद वगळता, आणीबाणीत देहोपस्थितीची, म्हणजे बंदिवानाला न्यायालयापुढे हजर करवण्याची, याचिका नाकारली. तो निर्णय २०१७ मध्ये रद्द ठरवण्यात आला. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९९५ साली मुदत संपून गेला, पोटा हा तसाच दुसरा कायदा २००४ मध्ये रद्द झाला. परंतु बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंध कायद्याच्या कलम ४३ड(५) मुळे आरोप सकृद्दर्शनी खरा वाटल्यास जामीन मिळत नाही आणि खटला संपेपर्यंतची वर्षे कैदेतच जातात. दहशतवादाने मेलेल्यांच्या कुटुंबीयांना न्याय हवा, हे निर्विवाद आहे. तो न्याय खटल्याच्या निकालातून मिळतो, आरोपीच्या अनिश्चित कोठडीतून मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातील प्रत्येक लोकप्रतिनिधीने १९३० च्या त्या निर्बंधांचा मजकूर एकदा तरी वाचायला हवा होता. ज्यांनी तो वाचला नसेल, त्यांनी येत्या १२ जानेवारीपूर्वी अवश्य वाचावा.