ठिपक्याचा रुपया



परळी वैजनाथ हें ज्योतिर्लिंगाचें क्षेत्र १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत मोडत असे आणि तेथें निजामाचा हाली रुपया चाले. नगर जिल्ह्यांत मात्र इंग्रजी कलदार चालत असे. संस्थानाच्या अखेरच्या काळांतील सरकारी भावानें १०० कलदारांस ११६ रुपये, १० आणे, ८ पै हाली पडत. दोन्हींचें नांव रुपयाच. म्हणून हिशेबांत नुसता आंकडा लिहून भागत नसे, हाली कीं कलदार हेंहि लिहावें लागे. ही गोष्ट आज आठवण्याचें कारण असें कीं, संगणकावरील छपाईंत ठिपक्याच्या बाबतींत हाच घोटाळा झाला.

शिशाच्या खिळ्यांच्या युगांत हा प्रश्न नव्हता. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला. तेथें ओतलेला खिळा कोणत्याहि गांवीं नेला तरी अक्षर तेवढेंच उमटे, कारण माप धातूच्याच अंगीं असे. पॅरिसच्या फूर्निये यानें १७३७ सालीं खिळ्यांच्या मापांचें कोष्टक प्रसिद्ध केलें होतें. पुढें १८८६ सालीं अमेरिकेंतील खिळे ओतणारांनीं 'पॉइंट' हें एकच माप मान्य केलें. एका इंचांत असे सुमारें ७२ पॉइंट बसतात.

संगणकानें अक्षराचे ठिपके केले आणि हें माप निसटलें. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर इंचास ७२ ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एक पॉइंट, असा तो सोयीचा मेळ होता. परंतु पुढच्याच वर्षीं आलेल्या त्याच कंपनीच्या लेझर प्रिंटरांत इंचास ३०० ठिपके होते. विंडोज प्रणालीनें पडद्यावरील ९६ ठिपक्यांस एक इंच मानिलें. शाईच्या फितीवर सुयांचे ठोके मारून छापणाऱ्या कित्येक प्रिंटरांत तर आडव्या इंचांतील ठिपके निराळे व उभ्या इंचांतील निराळे. पडद्यावरचें वर्तुळ कागदावर लंबवर्तुळ व्हावें, यांत नवल तें काय!

आतां आज्ञावली लिहिणारानें संगणकास "३०० ठिपक्यांची रेघ काढ" असें सांगितलें, तर काय होईल? इंचास ३०० ठिपके देणाऱ्या प्रिंटरवर ती रेघ एक इंच येईल, ६०० देणाऱ्यावर अर्धा इंच, आणि ९६ च्या पडद्यावर तीन इंचांहूनहि थोडी अधिक. समजा, परळीच्या बाजारांतील आडत्यासाठीं पुण्यांत कोणी पट्टी छापण्याची आज्ञावली लिहिली. लिहिणाराच्या प्रिंटरवर ती नेटकी उतरली. परळीचा प्रिंटर निराळा. तेथें रकाने आधींच छापलेल्या कागदावर वजनाचा आंकडा भावाच्या रकान्यांत जाऊन बसला. हिशेब बरोबर असूनहि शेतकऱ्याच्या हातीं चुकीची पट्टी पडली. दोष प्रिंटरचा नव्हे. ठिपक्यास माप समजणाराचा होय.

यावरील उपाय विचारवंतांनीं लवकरच ओळखला होता. डोनाल्ड क्नुथ यांनीं १९७८ च्या सुमारास 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली रचिली. तींत सर्व मापें पॉइंटाच्या ६५,५३६ व्या भागांत धरलीं जातात. दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरीहूनहि हें माप लहान आहे. १९८४ च्या पोस्टस्क्रिप्ट भाषेनें इंचाचे बरोबर ७२ भाग मानिले व त्यांचे ठिपके करण्याचें काम प्रिंटरकडे सोंपविलें. विंडोजमध्येंहि छापण्यापूर्वीं प्रिंटरला "तुझ्या इंचांत आडवे किती, उभे किती ठिपके?" असें विचारतां येतें. सारांश, आज्ञावलींत मिलिमीटर किंवा पॉइंट लिहावे आणि ठिपक्यांचा हिशेब छापण्याच्या क्षणींच करावा.

आपल्या देवनागरीस तर हें विशेषच लागू आहे. ठिपका अर्धा होत नाहीं, म्हणून प्रत्येक अक्षराची रुंदी पूर्ण ठिपक्यांत बसवावी लागते. ही तडजोड अक्षरागणिक केली तर चूक सांठत जाते. पडद्यावर एका ओळींत मावलेला शब्द कागदावर खालच्या ओळींत जातो, आणि दोन अक्षरांमध्यें शिरोरेघ तुटते. म्हणून अक्षराचें स्थान ओळीच्या आरंभापासून सूक्ष्म मापानें मोजून पूर्ण ठिपका शेवटीं एकदांच धरावा लागतो. र. कृ. जोशी यांनीं रेखिलेलें आणि विंडोज २००० बरोबर आलेलें 'मंगल' अक्षर ठिपक्यांत नव्हे, वक्ररेषांत सांठविलेलें आहे; त्या रेषांचे ठिपके ज्या त्या यंत्रावर नव्यानें होतात.

हाली रुपया १९५९ सालीं कायमचा रद्द झाला आणि हाली-कलदाराचा हिशेब संपला. ठिपक्यांचें मात्र तसें झालेलें नाहीं. यंत्रागणिक ठिपका आजहि निराळा आहे, आणि भाव विचारून मगच मोड करण्याची सावधगिरी आज्ञावली लिहिणाराच्याच माथीं आहे.