एकावर एक दिसणारे तारे

संगणकावर अंतराळप्रवासाचे खेळ खेळणाऱ्या मुलांस एक शंका येते. खेळांतील नकाशावर दोन ताऱ्यांच्या ग्रहमाला एकमेकींवर चढलेल्या दिसतात. मग नकाशाच चुकला काय? ही अडचण या खेळांहून पुष्कळ जुनी आहे. खोल आकाश सपाट कागदावर उतरविणाऱ्या सर्वांच्या वांट्यास ती आलेली आहे.

मकर राशींत दोन तारे नुसत्या डोळ्यांना अगदीं लगत दिसतात. पैकीं एक सुमारें शंभर प्रकाशवर्षांवर आहे, दुसरा त्याच्या कित्येक पट दूर. आपल्या दृष्टिरेषेंत आले, एवढाच त्यांचा संबंध. उलट, कांहीं जोड्या खरोखरच एकमेकांभोंवतीं फिरतात, हें विल्यम हर्शेलनें १८०३ सालीं दाखविलें. तेव्हां खरा शेजार कोणता व आभासाचा कोणता, हें ओळखावें कसें? एक उपाय काळाचा आहे. ताऱ्यांचीं स्थानें आज मोजावीं, पुन्हां अनेक वर्षांनीं मोजावीं. सोबती असतील ते बरोबर सरकतील. परके आपापल्या वाटेनें जातील.

या मोजणींतील एक मोठा वांटा निजामाच्या राज्यानें उचलला. गंगाखेड तालुक्यांतील राणीसावरगाव १९४८ पर्यंत त्याच राज्यांत होतें. हैदराबादेस नवाब जफर जंग यांनीं १९०१ सालीं उभारलेली वेधशाळा १९०८ मध्यें सरकारनें आपल्याकडे घेतली. त्यापूर्वींच, १८८७ सालीं, पॅरिसच्या परिषदेनें सगळ्या आकाशाचे फोटो घेऊन तारे मोजण्याचें काम जगांतील वेधशाळांना वांटून दिलें होतें. चिलींतील सांतियागोकडील उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा तेथें पार पडला नाहीं, तो हैदराबादकडे आला. वृश्चिकांतील अनुराधेच्या दोन तारका याच पट्ट्यांत आहेत. उन्हाळ्याच्या रात्रीं राणीसावरगावच्या शिवारांतून त्या दक्षिणेस दिसतात.

कामाची रीत लक्षांत घेण्यासारखी आहे. फोटोच्या एका कांचेवर दोन अंश लांब व दोन अंश रुंद एवढें आकाश उमटे. पण शेजारच्या कांचा मुद्दामच एकमेकींवर येतील अशा घेत; एकीचा कोपरा दुसरीच्या मध्यावर पडे. त्यामुळें प्रत्येक तारा दोनदां मोजला जाई आणि एक माप दुसऱ्याची साक्ष देई. खेळांत जो दोष वाटतो, तोच येथें पडताळ्याचें साधन झाला. १९१८ ते १९४४ पर्यंत टी. पी. भास्करन् यांच्या देखरेखीखालीं हें काम चाललें, आणि उत्तर आकाशांतील ३६ ते ३९ अंशांचा पट्टाहि वेधशाळेनें पुढें मोजला.

जगभरच्या त्या योजनेंतील नकाशांचा भाग अपुराच राहिला आणि आकड्यांच्या जाड खंडांकडे अनेक वर्षें फारसें कोणी फिरकलें नाहीं. पण हिप्पार्कस उपग्रहानें १९८९ ते १९९३ मध्यें ताऱ्यांचीं स्थानें नव्यानें मोजलीं, तेव्हां ताडून पाहण्यास जुनें माप हवें होतें. २००० सालीं निघालेल्या टायको-२ या यादींत सुमारें पंचवीस लक्ष ताऱ्यांची गति दिली आहे. तिच्या आधारांत हैदराबादचेहि आकडे आहेत. ज्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं डोळे शिणविले, त्यांचें माप असें पाऊणशें वर्षांनीं फळास आलें.

म्हणून मुलानें नकाशावरचे गुंतलेले तारे दाखविले, तर नकाशास चुकीचा ठरविण्याची घाई करूं नये. दुसरें माप कोठें आहे, हें विचारावयास त्यास शिकवावें.