खाटांची मोजदाद आणि परिचारिका

हैदराबाद शहरात अफजलगंज भागात, मुसी नदीच्या काठावर, उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुनी चिंच उभी आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. त्या दिवशी या चिंचेच्या फांद्यांना धरून सुमारे दीडशे माणसे वाचली, असे सांगतात. ज्यांना झाड गाठता आले नाही त्यांची नीट गणती कधीच होऊ शकली नाही. शहरात सुमारे पंधरा हजार माणसे बुडाली, असा अंदाज केला जातो. निजाम अफजलउद्दौला यांच्या कारकीर्दीत १८६६ साली नदीकाठी उभारलेले अफजलगंजचे इस्पितळही त्या पुराने नेले. जे अंथरुणावरून उठूच शकत नव्हते, त्या रोग्यांना चिंचेच्या फांदीचा उपयोग नव्हता. त्यांना उचलून नेणारा कोणी असेल तरच त्यांची धडगत होती.

पुरानंतर राज्याने बांधकामांचा सपाटा लावला. १९०९ साली विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या योजनेतून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी नव्या इस्पितळाचा आराखडा व्हिन्सेंट एश या इंग्रज वास्तुविशारदाकडून करवून घेतला. घुमट, कमानी, उंच छताची दालने यांनी नटलेली ती वास्तू नदीपलीकडच्या हायकोर्टाच्या तोडीस तोड ठरली. मराठवाड्यातील जुन्या पिढीला तिची ओळख करून देण्याचे कारण नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. घरचा इलाज हरला म्हणजे मनमाड–काचीगुडा मार्गावरची गाडी पकडून माणसे ‘उस्मानिया दवाखान्या’ची वाट धरीत. अंथरुणाची वळकटी, पितळेचा तांब्या आणि भाकरीचे गाठोडे बरोबर असे. रोग्याबरोबर घरातील एक माणूस जाई, तो मुक्कामालाच.

हा जो बरोबर जाणारा माणूस, त्याच्याकडे आपल्या वैद्यकीय इतिहासाने फारसे लक्ष दिलेले नाही. वास्तविक तो परिचारिकेच्या रिकाम्या जागेवर नेमलेला बिनपगारी नोकरच होय. रुग्णालयाचा लौकिक खाटांवरून आणि शल्यविशारदांच्या नावांवरून ठरविण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या खाटांच्या उशाशी रात्रीच्या दोन वाजता किती जण जागे असतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

गंमत अशी की, उशाशी बसून लक्ष ठेवणाऱ्या माणसाचे महत्त्व याच हैदराबादेत फार पूर्वी चर्चेत आले होते. १८४६ साली स्थापन झालेल्या हैदराबाद वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मविषयी दोन चौकशी मंडळे भरविली. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यासाठी पैसा दिला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या वतीने दुसऱ्या मंडळासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. भूल देणाऱ्याने नाडीवर नव्हे, तर श्वासावर नजर ठेवावी, कारण श्वास आधी थांबतो आणि हृदय मागाहून, असा लॉरींचा निष्कर्ष होता. तो पुढे पुरता टिकला नाही. क्लोरोफॉर्मने हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे १९११ साली लेव्ही यांनी दाखवून दिले. परंतु त्या चुकीच्या निष्कर्षातही एक गोष्ट खरी होती. रोगी आणि त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस यांच्यामध्ये दुसरे कोणतेही काम येता कामा नये, असे लॉरींचे सांगणे होते. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या पारशी महिला रूपाबाई फर्दुनजी यांची जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून नोंद केली जाते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर एका रोग्यामागे एक नजर हा नियम रुजला. मग त्याच रोग्याला वॉर्डात नेल्यावर हा नियम कोठे गेला?

वॉर्डातील रोगी एकाएकी मरतो असे आपण म्हणतो, पण बहुधा तो एकाएकी मरत नाही. आधी नाडीची गती वाढते, श्वास उथळ होतो, लघवी कमी होते, माणूस थोडे असंबद्ध बोलू लागतो. या खुणा कित्येक तास आधी दिसतात. त्या दिसण्यासाठी कोणी तरी पाहावे लागते, कालच्या नोंदीशी ताडून पाहावे लागते आणि डॉक्टरला उठविण्याचे धैर्य करावे लागते. डॉक्टर फेरीपुरता येतो, उरलेले सगळे तास परिचारिकेचे असतात. पंचवीस-तीस रोग्यांमागे ती एकटी असेल, तर ती इंजेक्शने देईल, सलाईनच्या बाटल्या बदलील, कागद भरील, परंतु पाहणार नाही, कारण पाहावयास तिला वेळच उरणार नाही. आळस किंवा निष्काळजीपणा यांचा येथे प्रश्न नाही. प्रश्न निव्वळ त्रैराशिकाचा आहे.

परिचर्येला शास्त्राची बैठक देणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही हे आकड्यांतूनच पाहिले. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल होणाऱ्यांपैकी शेकडा ४२ सैनिक मरत होते. मार्चमध्ये आरोग्य मंडळाची माणसे आली. त्यांनी गटारे साफ केली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले. परिचारिका तर आधीच्या नोव्हेंबरपासूनच तेथे राबत होत्या. हाती दिवा घेतलेल्या बाईचे चित्र घरोघर पोहोचले, पण या हिशेबाचा अर्थ फार थोड्यांच्या ध्यानी आला. कुजक्या जागेत ठेवलेल्या परिचारिकेच्या कष्टांचे चीज होत नाही, असा तो अर्थ होता. त्यांनी पुढे पुरस्कारिलेला वॉर्डाचा नमुना याच विचारातून आला. सुमारे तीस खाटांचे एकच लांब दालन, खाटांच्या मधोमध खिडक्या, आणि सिस्टरला आपल्या जागेवरून प्रत्येक रोगी दिसेल अशी रचना. भिंतीसुद्धा पाहण्याच्या सोयीसाठी उभारावयाच्या.

हिंदुस्थानात परिचारिकेच्या धंद्याला आणखी एक अडचण होती, ती भिंतींची नव्हे, मनांची. परक्या पुरुषाचे अंग पुसणे, मलमूत्र उचलणे, रात्री घराबाहेर राहणे ही कामे ‘चांगल्या घरच्या’ मुलींनी करावयाची नाहीत, असा दंडक हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांत होता. त्यामुळे आरंभीच्या परिचारिका बहुतांशी ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन घरांतून आल्या. समाजाने सेवा घेतली, आभारही मानले, परंतु त्या कामाला मान मात्र दिला नाही. मान नाही तेथे वेतन नाही, आणि वेतन नाही तेथे माणसे टिकत नाहीत. १९४६ च्या भोर समितीने याचा जमाखर्च मांडला. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात अवघ्या सुमारे सात हजार परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. डॉक्टर मात्र ६,३०० लोकांमागे एक होता. सर्व सुधारलेल्या देशांत डॉक्टरांपेक्षा परिचारिका अधिक असतात, आपल्याकडे उलटे होते. त्यांच्या निवासाची आणि कामाच्या तासांची अवस्थाही समाधानकारक नव्हती. १९७१ पर्यंत ७ लक्ष ४० हजार परिचारिका असाव्यात, असे समितीने सुचविले. ते उद्दिष्ट ठरल्या मुदतीत गाठले गेले नाही.

हैदराबादेत याच सुमारास आणखी एक इस्पितळ जन्माला आले. राजकन्या निलोफर यांची एक दासी १९४९ साली बाळंतपणात दगावली. त्या दुःखातून स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय काढण्याची कल्पना पुढे आली, असे सांगितले जाते. लाल टेकडीच्या भागातील निलोफर रुग्णालय ते हेच. अशा कथा मनाला भिडतात आणि इमारतीही उभ्या राहतात. अवघड प्रश्न त्यानंतरचा असतो. पायाभरणीचा दगड बसविता येतो, त्यावर नाव कोरता येते. परिचारिकेच्या मासिक पगारावर कोणाचेही नाव कोरता येत नाही. बहुधा म्हणूनच तो खर्च दरसाल मागे पडतो.

आता थोडा हिशेब करून पाहू. भारतीय परिचर्या परिषदेची स्थापना १९४७ च्या कायद्याने झाली. अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रोग्यांमागे एक परिचारिका असावी, असे तिचे प्रमाण आहे. ऐकणाऱ्याला वाटेल, हे तर उत्तमच! परंतु दिवसाला पाळ्या तीन असतात. म्हणून तिनास एक हे प्रमाण प्रत्यक्ष खाटेपाशी नवास एक असे होते, आणि परिषदेने तसे स्पष्टही केले आहे. तीस खाटांच्या वॉर्डाला दहा परिचारिका, शिवाय रजा आणि आजारपण यांसाठी शेकडा तीस राखीव, म्हणजे एकूण तेरा. साप्ताहिक सुटी, सणावार, रजा वजा जाता या तेरांतून प्रत्येक पाळीला जेमतेम तिघी मिळतात. आता तेरापैकी चार जागा भरलेल्याच नाहीत असे समजा. मग पाळीला दोघी उरतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला पंधरा रोगी येतात. त्यातून एक ऑक्सिजनचा सिलिंडर आणविण्याच्या खटपटीत गुंतली, की दुसरीकडे तीस. कागदावर तिनास एक असलेले प्रमाण कोणीही खोटे न बोलता तिसास एक होऊन बसते.

हा फरक किती जीव घेतो याचा हिशेब अमेरिकेत लिंडा एकेन यांनी केला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालये आणि शस्त्रक्रिया झालेले २ लक्ष ३२ हजार रोगी होते. एका परिचारिकेमागे एक रोगी वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता शेकडा ७ ने वाढते, असे त्यांना आढळले. चाराऐवजी आठ रोगी झाले, तर ही वाढ शेकडा ३१ होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तेथे आठ रोग्यांचा भार हा भयावह मानला गेला. आपले आदर्श प्रमाण खाटेपाशी नवाचे आहे! २०१४ साली युरोपातील नऊ देशांच्या अभ्यासातही तोच शेकडा ७ चा आकडा आला. कॅलिफोर्नियाने तर १९९९ साली कायदा करून २००४ पासून वॉर्डावॉर्डाचे प्रमाण बांधून दिले.

याच एकेनबाईंचा २०११ सालचा दुसरा अभ्यास अधिक विचार करावयास लावणारा आहे. परिचारिकेमागे एक रोगी कमी केला असता चांगल्या व्यवस्थेच्या रुग्णालयांत मृत्यूची शक्यता शेकडा ९ ने घटली, मध्यम रुग्णालयांत ४ ने, आणि जेथे परिचारिकेचे म्हणणे कोणी ऐकत नाही, सामान वेळेवर मिळत नाही, डॉक्टरशी सहकार्य नाही, तेथे काहीच घट झाली नाही. स्कुटारीचाच धडा दीडशे वर्षांनी पुन्हा समोर आला.

हैदराबादने हा धडा अलीकडे दोनदा अनुभवला. जुलै २०२० मध्ये मुसळधार पावसात उस्मानियाच्या जुन्या इमारतीतील वॉर्डांत गटाराचे पाणी शिरले. रोगी खाटांवर आणि कर्मचारी पाण्यात, असे दृश्य देशाने पाहिले. लवकरच ती इमारत रिकामी करावी लागली. त्याच महिन्यात करोनासाठी राखून ठेवलेल्या गांधी रुग्णालयातील कंत्राटी परिचारिकांनी नोकरीत कायम करण्याच्या मागणीसाठी काम थांबविले. रोग्यांना सोडून बाहेर आल्याबद्दल त्यांना दोष देणारे होते, आणि त्यांच्याविषयी सहानुभूती असणारेही होते. शेजारच्या खाटेवरील कायम परिचारिकेइतकाच धोका पत्करून पुढच्या वर्षी नोकरी राहील की नाही हे जिला माहीत नाही, तिने किती दिवस गप्प बसावे, याचे उत्तर दोष देणाऱ्यांनी दिले नाही. जानेवारी २०२४ च्या अखेरीस तेलंगण सरकारने लालबहादूर स्टेडियमवर ६,९५६ परिचारिकांना नेमणुकीची पत्रे दिली. इतक्या जागा एकाच वेळी भरता आल्या, यावरून त्या किती काळ रिकाम्या असाव्यात याची कल्पना यावी.

आणि जुन्या निजामी रेल्वेवरचे नांदेड? ज्या गावची माणसे एके काळी उस्मानियाला जात, त्या गावाला आता स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस चोवीस तासांत २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची आपण होऊन दखल घेतली आणि औषधांच्या पुरवठ्याबरोबरच रिकाम्या पदांचाही हिशेब राज्य सरकारकडे मागितला. त्या वॉर्डांबाहेरही वळकटी आणि तांब्या घेतलेली माणसे बसलेली होती.

३१ जानेवारी २०२५ रोजी हैदराबादच्या गोशामहल भागात नव्या उस्मानिया रुग्णालयाची पायाभरणी झाली. त्यात २,००० खाटा असतील, असे जाहीर झाले आहे. तिनास एक आणि शेकडा तीस राखीव या हिशेबाने त्यांना सुमारे ८६७ परिचारिका लागतील. अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेपाशी प्रत्येक पाळीला एक परिचारिका हवी असते, तिची गणती यात धरलेली नाही.